जंगल गावाच्या हाती, पण गावात कुणाच्या हाती?



आजची गोष्ट लांबची आहे. हिमालयाच्या कुशीतल्या कुमाऊं आणि गढवाल या भागांची, म्हणजे आजच्या उत्तराखंड राज्याची. तिथल्या डोंगरी गावांनी आपलं जंगल सरकारकडून परत कसं मिळवलं आणि मिळाल्यावर कसं राखलं, त्याची. पण ही गोष्ट मला सांगावीशी का वाटली, ते आधी सांगते.

दहाएक वर्षांपूर्वी मी बचत गटांचं काम नुकतंच हाती घेतलं होतं. तेव्हा आमच्या गावात जंगलाची समिती झाली. ठरावावर बायकांच्या सह्या कमी पडत होत्या. मला सांगण्यात आलं, "ताई, तुमचं घरोघरी जाणं-येणं आहे. तेवढं रजिस्टर फिरवून आणा." मी फिरवलं. कुणी भाकरी थापता थापता सही केली, कुणी शेणाचा हात धुऊन अंगठा उठवला. ठरावात काय लिहिलंय हे एकीनंही विचारलं नाही. मीही वाचून दाखवलं नाही. खरं सांगायचं तर मी स्वतःसुद्धा तो वाचला नव्हता.

पावसाळा संपला आणि डोंगराचा एक अख्खा उतार बंद झाला. रोपं लावायची म्हणून पाच वर्षं तिथं कुणी जायचं नाही. आमच्या तीन वाड्यांचं गवत आणि सरपण त्याच उतारावरून यायचं. मोळी घेऊन खाली उतरणाऱ्या बायांना वाटेत अडवलं, तेव्हा कुठं त्यांना हे कळलं. त्यांच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "कुणी ठरवलं हे?" राखणदार म्हणाला, "ठरावावर तुमचीच सही आहे की, मावशी."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. बोलल्या काही नाहीत. ते बघणं मी अजून विसरलेले नाही.

बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. पण त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. जंगलाचा इतिहास असतो, मोळीचा इतिहास असतो, हे मला त्या दिवसानंतर शोधावं लागलं. शोधता शोधता मी कुमाऊंपर्यंत पोचले. तिथं जे घडलं ते ऐका, आणि आपल्या डोंगराशी ताडून बघा.

कुमाऊं-गढवालचा मुलूख उभ्या चढाचा. डोंगर कोरून केलेली पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. पुरुष पूर्वीपासून पलटणीत किंवा खाली मैदानी शहरांत नोकरीला. घरी शेती, गुरं, पाणी, चारा आणि सरपण सगळं बाईच्या डोक्यावर. डोक्यावर म्हणजे अगदी खरोखरच.

तिथल्या बायकांचं जिवाचं झाड म्हणजे बांज. हे ओक जातीचं झाड. त्याचा पाला गुरांना चारा होतो. वाळलेली पानं गोठ्यात गुरांखाली अंथरतात आणि त्याचंच पुढं शेतासाठी खत होतं. बांजाच्या जंगलात जमीन ओल धरून ठेवते, म्हणून झऱ्यांना पाणी राहतं. दुसरं झाड चीड, म्हणजे पाइन. ते सरळ, उंच वाढतं. त्याच्या लाकडाचे रेल्वेचे स्लीपर होतात आणि खोडाला खाच पाडली की राळ मिळते. राळेपासून टर्पेंटाइन बनतं. गावाला हवा होता बांज आणि सरकारला हवा होता चीड. पुढचं सगळं भांडण या दोन झाडांवरून समजून घेता येतं.

१८१५ साली इंग्रजांनी गोरख्यांकडून कुमाऊं आणि गढवालचा मोठा भाग घेतला. १८२३ मध्ये त्यांनी महसुलासाठी गावांच्या शिवा लिहून काढल्या. ते विक्रम संवताचं १८८० साल होतं, म्हणून या शिवेला तिथले लोक 'सन अस्सी'ची हद्द म्हणतात. त्या हद्दीच्या आत पाणवठा, गायरान आणि रान हे सगळं गावाचं, अशी लोकांची समज होती. रान कधी उघडायचं, पाला कधी तोडायचा, हे गाव रीतीप्रमाणे ठरवत असे.

मग रेल्वे आली आणि स्लीपर लागू लागले. १८६४ मध्ये सरकारनं जंगल खातं उभं केलं आणि १८७८ मध्ये कडक कायदा केला. १८९३ मध्ये कुमाऊंत एक फर्मान निघालं. ज्या जमिनीची मोजणी झालेली नाही, म्हणजे जी 'बेनाप' आहे, ती सगळी सरकारी संरक्षित जंगल समजली जाईल. आता विचार करा, मोजणी कशाची झाली होती? ज्या शेताचा सारा भरायचा त्याची. रानाची, कुरणाची मोजणी कुणी कशाला करील? म्हणजे कागदावरच्या एका शब्दानं गावाचं रान सरकारचं झालं.

१९११ ते १९१७ या वर्षांत त्यातली मोठमोठी जंगलं राखीव केली गेली. गुरं किती चारायची, पाला कुठला तोडायचा, लाकूड किती न्यायचं, सगळ्याला नियम आले. चिडाच्या रानात उन्हाळ्यात वाळक्या सुयांसारख्या पानांचा थर पडतो. तो जाळला की पावसात गवत चांगलं येतं, म्हणून गावकरी तो जाळत. तेही बंद झालं. आणि नियम मोडणारे कोण ठरले? रानात रोज ज्यांना जावंच लागतं ते, म्हणजे बायका आणि पोरं.

हे आपल्यालाही नवीन नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या राबासाठी झाडांच्या फांद्या छाटायला इंग्रजांच्या जंगल खात्यानं बंधनं घातली. तेव्हा इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याआधीच, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यानं शेतकऱ्यांची कुरणं घेतल्याचं दुःख मांडलं होतं. आणि १९३० च्या जंगल सत्याग्रहात रायगडमधल्या चिरनेरला लोकांवर गोळीबार झाला. डोंगर वेगळा असला तरी दुखणं एकच होतं.

कुमाऊंत दुसरंही एक दुखणं होतं, बेगारीचं. साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान गावकऱ्यांनी फुकट वाहायचं. पाळी कुणाची, याची रजिस्टरं गावच्या प्रधानाकडं असत. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीची जत्रा भरली होती. उत्तरायणी म्हणजे आपली संक्रांत. बद्रीदत्त पांडे आणि इतर पुढाऱ्यांनी लोकांना हाक दिली, आणि गावोगावच्या प्रधानांनी ती बेगारीची रजिस्टरं सरयू नदीत बुडवून टाकली. बेगार संपली.

मैत्रिणींनो, मी हे वाचलं तेव्हा मला माझं रजिस्टर आठवलं. कागद आपल्याला बांधतो, आणि कागद नदीत सोडला की माणसं मोकळी होतात, हे त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमाऊंतली जंगलं पेटली. पण कुठली पेटली हे बघा. आगी लागल्या त्या बहुतेक चिडाच्या रानात, जिथून सरकार स्लीपर आणि राळ काढत होतं. सरकारच्याच ताब्यातल्या रुंद पानांच्या झाडांच्या रानाला लोकांनी बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. म्हणजे लोक जंगलाचे वैरी नव्हते. आपलं जंगल कुठलं आणि परकं कुठलं, हे त्यांनी दाखवून दिलं.

मग सरकार हललं. १९२१ मध्येच कमिशनर विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली तक्रारी ऐकायला समिती नेमली. समिती कुमाऊंभर फिरली आणि पाच हजारांवर लोकांच्या साक्षी घेतल्या. गोविंद वल्लभ पंत, जे पुढे देशाचे गृहमंत्री झाले, त्यांनी १९२२ मध्ये कुमाऊंच्या जंगलाच्या प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली आणि रान गावांना परत द्यावं असं मांडलं. समितीनं राखीव जंगलाचे दोन वर्ग करायला सांगितले. ज्यातून सरकारला फारसा पैसा मिळत नाही तो पहिला वर्ग, तो लोकांना वापरायला मोकळा. ज्यातून कमाई होते तो दुसरा वर्ग, तो जंगल खात्याकडं. आणि पुढं जाऊन असंही सुचवलं की गावांना स्वतःचं जंगल राखायला पंचायती काढू द्याव्यात.

यातूनच १९३१ मध्ये वन पंचायतीचे नियम झाले. सरकारनं जंगल कायद्यानं गावाच्या व्यवस्थेखाली देण्याची, आपल्या देशातली ही फार जुनी रीत. तेव्हापासून वाढत वाढत आज उत्तराखंडात अकरा हजारांहून जास्त वन पंचायती आहेत.

ती चालते कशी, ते सांगते. आपल्या कामाचं आहे. गावातल्या लोकांनी अर्ज करायचा. हद्द ठरते, नकाशा होतो. गाव पंच निवडतं आणि पंचांतून सरपंच. ही नेहमीच्या ग्रामपंचायतीहून वेगळी, फक्त जंगलापुरती पंचायत. ती ठरवते की रान कधी बंद ठेवायचं आणि पाऊस सरल्यावर गवतासाठी कधी उघडायचं. घरटी किती जणांनी कापायला जायचं, किती भारे न्यायचे, त्याचे किती पैसे भरायचे. ती राखणदार ठेवते. त्याला पगार कधी पैशांत, कधी प्रत्येक घरातून धान्य गोळा करून. चोरून तोड केली तर कोयता जप्त आणि दंड. सगळ्याची नोंद वहीत.

या पंचायतींचा अभ्यास करणाऱ्यांना एक साधी गोष्ट दिसली. जिथं राखणदार वर्षातले जास्त महिने असतो, तिथलं जंगल जास्त चांगलं. म्हणजे कायदा नुसता असून भागत नाही, रोजची राखण लागते. बचत गटाचं तरी काय वेगळं आहे? हप्ता, वही, मासिक बैठक. यातलं एक चुकलं की गट मोडतो.

आणि हे जमलं का? २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उत्तराखंडातली वन पंचायतींची जंगलं आणि सरकारी जंगलं ताडून पाहिली होती. गावांनी राखलेली जंगलं सरकारी जंगलांपेक्षा वाईट नव्हती, झालीच तर थोडी बरी होती. आणि राखायचा खर्च कित्येक पटींनी कमी. त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ही पहिली बाई. जंगल, पाणी, कुरण यांसारखी सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून नीट सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरचे दाखले देऊन सिद्ध केलं होतं.

पण ही गोष्ट एवढीच सांगितली तर ती अर्धी राहील. वन पंचायतीत दोन खोट होती.

पहिली खोट सरकारच्या बाजूची. रान दिलं, पण दोरी हातात ठेवली. झाड विकायचं तर खात्याची परवानगी, उत्पन्नात इतरांचे वाटे, आणि पंचायतीच्या डोक्यावर अधिकारी. १९७६ च्या नियमांनी पंचायतीचे अधिकार आणखी आखडले.

दुसरी खोट गावाच्या बाजूची. पंच कोण? पुरुष. सरपंच कोण? पुरुष. कितीतरी दशकं वन पंचायतीत बाई जवळजवळ दिसतच नव्हती. गवत कापणारी बाई, पाला आणणारी बाई, बांज आणि चीड यांतला फरक हाताच्या बोटांना ठाऊक असलेली बाई, आणि रान बंद की उघडं हे ठरवणारा मात्र पुरुष.

या दुसऱ्या खोटीवर बोट ठेवलं ते बायकांनीच. त्याच्या दोन गोष्टी सांगते.

पहिली तुम्ही ऐकली असेल, चिपको आंदोलनाची. १९७३ मध्ये चमोली जिल्ह्यातल्या मंडल गावाजवळची अंगूची झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीला दिली गेली. गावकऱ्यांनी शेतीच्या अवजारांसाठी अंगूचं लाकूड मागितलं, तर त्यांना नाही म्हटलं होतं. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या दशोली ग्राम स्वराज्य मंडळानं लोकांना संघटित केलं. झाडाला मिठी मारायची, आधी आम्हाला तोडा म्हणायचं. पुढच्या वर्षी, २६ मार्च १९७४ ला, रैणी गावचे पुरुष सरकारनं घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून चमोलीला गेले होते. नेमकं तेव्हा ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन जंगलाकडं निघाली. गावात महिला मंगल दल होतं, आपल्या महिला मंडळासारखं. त्याच्या अध्यक्ष गौरादेवी. विधवा, शाळा न शिकलेल्या. त्या सत्तावीस बायका-मुलींना घेऊन गेल्या आणि झाडांपुढं उभ्या राहिल्या. त्या जंगलाला माहेर म्हणत. शिव्या झाल्या, बंदूक दाखवून झाली, बायका हलल्या नाहीत. माणसं परत गेली. सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर त्या भागातली तोड दहा वर्षं बंद झाली.

ही गोष्ट पुस्तकांत आहे. पण तिचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. १९८२ मध्ये रैणीच्या वरच्या अंगाला नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथलं जाणं-येणं, चराई बंद झाली. झाडं वाचली, पण ज्यांनी वाचवली त्यांनाच त्यांच्या वरच्या रानात मज्जाव झाला. जंगल वाचणं आणि जंगल गावाच्या हाती राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट डुंगरी-पैंतोलीची. हीसुद्धा चमोली जिल्ह्यातलीच, १९८० ची. मला विचाराल तर रैणीपेक्षा हीच आपल्याला जास्त लागू आहे. कारण रैणीत समोर बाहेरचा ठेकेदार होता. इथं समोर घरचीच माणसं होती.

गावाजवळ बांजाचं जंगल होतं. सरकारच्या फलोद्यान खात्याला ते तोडून बटाट्याची शेती करायची होती. त्याच्या बदल्यात गावाला पक्का रस्ता, वीज, मोठी शाळा, दवाखाना देऊ असं सांगितलं. गावपंचायतीतले पुरुष हो म्हणाले. कुणाला वाटणार नाही? रस्ता आणि दवाखाना बायकांनाही हवाच होता. पण हा बांज गेला तर सरपण-चाऱ्यासाठी रोज कितीतरी मैल जास्त चालावं लागणार, हे बायकांना ठाऊक होतं. चालणार त्या होत्या. आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तोड सुरू होणार असं कळताच बायका जंगलात जाऊन उभ्या राहिल्या. नवरे, दीर, गावचे वडीलधारे सगळे विरोधात. धमक्याही आल्या. तरी त्या हटल्या नाहीत. शेवटी तोड थांबली. त्यानंतर बायकांनी विचारायला सुरुवात केली, जंगलाचं ठरवणाऱ्या पंचायतीत आम्ही का नाही?

मैत्रिणींनो, त्या पुरुषांना मी वाईट म्हणत नाही. ते गावाचं भलंच बघत होते. पण डोक्यावर मोळी नसली की अंतर कळत नाही. तेवढंच.

पुढं वन पंचायतीच्या नियमांत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या. चांगलं झालं. पण तिथंही एक गोष्ट शिकण्यासारखी घडली. काही गावांत वन पंचायत नुसती नावाला होती आणि जंगल खरं तर महिला मंगल दलच राखत होतं. पाळीनं राखण, दंड, गवताची वाटणी सगळं बायका करत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी संयुक्त वन व्यवस्थापनाचा मोठा प्रकल्प आला, निधी आला. निधी आला तशी पुरुषांना समितीची आठवण झाली. बँकेचं खातं त्यांच्या सहीचं, मजुरी वाटायची त्यांनी, राखणदारही पुरुष. वर्षानुवर्षं फुकट राखणाऱ्या बायका बाजूला पडल्या. फुकटचं असतं तोवर ते बायकांचं काम, आणि पैसे आले की ते गावाचं काम. हे तुम्ही तुमच्याकडंही कुठं ना कुठं पाहिलं असेल.

बायका समितीत असल्यानं जंगलाला खरंच फरक पडतो का? अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या जंगल समित्यांचा अभ्यास केला. समितीत एकदोन बायका असल्या तर त्या गप्प बसतात. पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्या बोलू लागतात. आणि जिथं समितीत बायका जास्त, तिथलं जंगलही जास्त सुधारलेलं. कारण साधं आहे. बाई समितीत असली की नियमाची खबर चुलीपर्यंत पोचते, आणि चुलीची अडचण नियमापर्यंत पोचते.

आता आपल्याकडं येते.

२००६ मध्ये वन हक्क कायदा झाला. पिढ्यान्पिढ्या जंगलावर जगणाऱ्या गावाला आपलं सामाईक जंगल राखण्याचा आणि त्याचा कारभार करण्याचा हक्क या कायद्यानं दिला. देशात पहिल्यांदा असा सामूहिक हक्क ज्या गावांना मिळाला, त्यात आपल्या गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडं आला. कुमाऊंच्या वन पंचायतीला झाड विकायला खात्याकडं जावं लागत होतं. इथं ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. आज महाराष्ट्रात अनेक गावांकडं असे हक्क आहेत. आमच्या गावाचाही दावा गेला आहे.

आणि या कायद्याचे नियम बायकांना विसरलेले नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वन हक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असावे लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. दाव्यांचं काम बघणाऱ्या वन हक्क समितीतही एक तृतीयांश बायका हव्यात. नवरा-बायकोच्या घराला जमिनीचा हक्क मिळाला तर पट्टा दोघांच्या नावावर हवा. शिवाय आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायला सांगितली आहे.

आता तुमच्या लक्षात येईल, रजिस्टर घरोघर का फिरतं. कायद्यानं बाईची हजेरी सक्तीची केली. हजेरी तर दाखवायची, पण बाईला बसवून घ्यायला, तिचं ऐकून घ्यायला वेळ लागतो. मग सही आणली की काम भागतं. ज्या कायद्यानं बाईला ग्रामसभेत आणायचं ठरवलं, त्याच कायद्याच्या नावानं तिला चुलीपाशी ठेवता येतं, एका सहीच्या बदल्यात.

आमच्या बंद उताराचं पुढं काय झालं, ते सांगते. गवत कुणी कापलं नाही, म्हणून ते उभंच वाळलं. दुसऱ्या उन्हाळ्यात वणवा लागला. कुणी लावला नाही, लागला. पण विझवायला पूर्वीसारखं गाव धावलं नाही, आणि बरीच रोपं जळाली. मग आमच्या तीन वाड्यांच्या गटांनी मिळून समितीला भेटायचं ठरवलं. मावशीच पुढं होत्या. त्या म्हणाल्या, "झाडं आम्हालाही हवीत. गुरं सोडू नका, ते बरोबर. पण गवत आम्हाला विळ्यानं कापू द्या. गवत निघालं तर आग लागणार नाही, आणि आमची रोज ये-जा राहिली तर राखण फुकट होईल." पहिल्या बैठकीत हसण्यावारी नेलं. दुसऱ्या बैठकीत आम्ही सत्तर जणी होतो. तेव्हा ठराव झाला. तो मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, आणि मगच सह्या झाल्या. डोंगर बंद ठेवण्यात चूक नव्हती. कुमाऊंतले लोकही रान पाळीपाळीनं बंद ठेवतात. चूक होती ती न विचारता ठरवण्यात, आणि ती चूक घरोघर पोचवणारे पाय माझे होते.

म्हणून आज गटांच्या अध्यक्ष, सचिव, सगळ्या मैत्रिणींना चार गोष्टी सांगते. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, मग रजिस्टर आणणारी ताई कितीही ओळखीची असो, अगदी मी असले तरी. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा झालीच पाहिजे, आणि तिथं ठरलेलं लिहून ग्रामसभेत ठेवायचं. समितीत बायकांची नावं ग्रामसभेत बसलेल्या बायकांनी सुचवायची. कुणाची बायको, कुणाची सून म्हणून नाही, तर जी रानात जाते ती. आणि समितीचं बँकेत खातं निघेल तेव्हा सहीच्या अधिकारात एक बाई हवी.

पुढच्या महिन्यात आमच्या गावात जंगलाचा कारभार बघणारी समिती निवडायची आहे. परवाच मला निरोप आला, "ताई, रजिस्टर तेवढं फिरवून आणाल का?" मी म्हटलं, "रजिस्टर ग्रामसभेत ठेवा. या वेळी मी बायका घेऊन येते."

तुमच्या गावात काय चाललंय, ते गटाच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.